वाकड्या पायाची खुर्ची

मी दररोज दुपारी चार वाजता माझ्या आत्याच्या घरी जाऊन तिच्याशी मोठमोठ्याने वाद घालतो आणि त्यामुळे शेजाऱ्यांच्या विश्रांतीचा भंग होतो, अशा आशयाची सूचना आत्याच्या इमारतीच्या फलकावर लागली, तेव्हा मला झालेला क्लेश दुहेरी होता. एक तर ती सूचना ज्या भाषेत लिहिलेली होती, तिला भाषा म्हणणे हे औदार्याचे होते. दुसरे असे की, दुपारी चार वाजता मी त्या घरात नसे; आणि आत्या तर जवळजवळ तीन वर्षे कुठल्याच वाजता त्या घरात नव्हती. घराला कुलूप होते. किल्ली माझ्या खिशात होती.

हा प्रकार जसा घडला तसा, पदरचे काहीही न घालता सांगणे मला भाग आहे. कारण माझ्या पत्नीने नातेवाइकांत जी आवृत्ती प्रसृत केली आहे, तिच्यात मी घाबरलो असा स्पष्ट उल्लेख आहे. मी घाबरलो नव्हतो. माझे हात थरथरत होते, एवढेच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चौतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात तिचे आयुष्य गेले. त्या नोकरीने तिला दोन सवयी लावल्या. ती स्वतः अत्यंत थोडके बोलते, आणि दुसरा लांबण लावू लागला की मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून म्हणते, "तीन मिनिटं झाली." न्हाणीघरात घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा रुग्णालयातून तिला शहराच्या टोकाच्या शुश्रूषागृहात मीच नेऊन पोहोचवले. "फक्त सहा आठवडे, आत्या," असे मी तिला म्हणालो होतो. हे वाक्य माझ्या आयुष्यातील सर्वांत लहान वाक्यांपैकी एक आहे, आणि तेच खोटे ठरावे, हा काव्यगत न्याय मी कधीही विसरलेलो नाही.

हाड सहा महिन्यांत जुळले. घरी परतण्यासाठी एक अर्ज लागत होता. तो मी लिहायला घेतला.

अभिजात गद्यावर ज्याची निष्ठा आहे त्याला अर्ज खरडता येत नाही. तो रचावा लागतो. पहिल्या अर्जातील मुख्य वाक्य दीड पानाचे होते आणि त्याचा तोल मला आजही अभिमानास्पद वाटतो. शुश्रूषागृहाच्या कारकुनाने तो "नेमके काय हवे?" असा शेरा मारून परत पाठवला. त्या शेऱ्याचा मी अकरा पानांत समाचार घेतला. त्यावर त्याचे उत्तर, त्यावर माझे प्रत्युत्तर, असे करता करता दोन वर्षे उलटली. "तुम्ही अर्ज लिहिताय की ग्रंथ?" असे पत्नी विचारी. दर रविवारी मी आत्याकडे जाऊन नवा मसुदा तिला वाचून दाखवी. पहिले काही महिने ती विचारत असे, "पंडित, कधी रे नेणार?" घरात मला पंडित म्हणतात, ते कौतुकाने म्हणतात असा माझा बराच काळ समज होता. पुढे तिने हा प्रश्न विचारणे सोडले. नंतर फक्त एवढेच विचारी, "भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतोस ना?"

मी हो म्हणत असे. मी किल्ली देत नव्हतो.

अशा स्थितीत शुश्रूषागृहात एक पुनर्वसन अधिकारी आला. ज्या निवाशांना आपापल्या घरी, आपापल्या गल्लीत परत जाऊन राहावेसे वाटते, त्यांची चौकशी करून त्यांना वाट काढून देणे हे त्याचे काम. किरकोळ अंगाचा माणूस; गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल, हातात सव्वीस रकान्यांचा तक्ता. माझ्या चार फायली मांडीवर घेऊन मी समोर बसलो असताना त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता आत्याला विचारले, "घरी जावंसं वाटतं?"

"हो," आत्या म्हणाली.

त्याने खूण केली. माझे दोन वर्षांचे लेखन जिथे पोहोचले नव्हते, तिथे तो एक शब्द निमिषार्धात पोहोचला. मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

"पण जरा घाई करावी लागेल," अधिकारी म्हणाला. "तीन वर्षं पुरी झाली की निवासी कायम समजला जातो. मग घरी जाणं नाही. यांचे चाळीस दिवस उरलेत."

या चाळीस दिवसांत आत्याला एकवीस दिवसांचा सराव पुरा करायचा होता. त्यासाठी शुश्रूषागृहाच्या तळमजल्यावर एक खोली होती, तिला सरावघर म्हणत. एक दार, एक बेल, एक गॅसची शेगडी, एक खाट. रोज दुपारी निवाशाने तिथे दोन तास एकट्याने राहून दाखवायचे. चार वाजता कोणीतरी बेल वाजवायची. निवाशाने कोण आहे विचारायचे, साखळी लावून पाहायचे, दार उघडायचे, चहा करायचा, गॅस बंद करायचा, पाहुण्याशी दहा मिनिटे बोलून त्याला वाटेला लावायचे. या खोलीच्या प्रमुख असलेल्या बाईंना सगळे सरावाच्या बाई म्हणत.

"हे आपलं घर आहे असं समजायचं," त्या आत्याला म्हणाल्या.

"कोणाचे?" मी विचारले.

"कोणाचंही."

"कोणाचेही घर अशी वस्तू जगात अस्तित्वात नाही," मी म्हणालो. "माणूस सामान्यनामात राहत नाही."

"काका, बाकीचे सगळे समजतात," बाई म्हणाल्या.

"बाकीचे सगळे" या दोन शब्दांनी मला डिवचले. आत्याला सराव करायचा असेल तर तो तिच्याच घराचा झाला पाहिजे, तंतोतंत, असे मी तिथल्या तिथे जाहीर केले. तंतोतंत हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी टेप, चौकटी आखलेली वही आणि तीन रंगांच्या शिसपेन्सिली घेऊन मी आत्याच्या दीड खोलीत दाखल झालो. मला वाटले होते, मी एकटाच असेन. पंधरा मिनिटांत दार उघडे पाहून समोरच्या गॅलरीतले निवृत्त ओव्हरसियर आत आले आणि टेपचे दुसरे टोक त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले. त्यांच्यामागून खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

"ही भिंत तीन सूत बाहेर आहे," ओव्हरसियर म्हणाले. "मूळ बांधकामाची चूक."

"लिहून घेतो. तीही करवून घेऊ."

"चूकसुद्धा?"

"चुकीवाचून हे घर होणार नाही."

"आमच्या खात्यात तुम्ही हवे होतात," ते म्हणाले; आणि यात उपरोध होता की काय, याचा मी अजून विचार करतो आहे.

काकूंनी आपल्या परीने भर घातली. बादली मोरीच्या डाव्या हाताला असते, उजव्या नाही. चित्र काढून टाकल्यावर राहिलेला रिकामा खिळा विसरू नका. भिंतीवरचे घड्याळ नेहमी सात मिनिटे पुढे असायचे. घड्याळ बंद पडलेले होते. काकूंनी ते पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी टेप गुंडाळू लागलो.

सरावघर आत्याच्या खोलीपेक्षा दीड फूट रुंद निघाले. ते मी प्लायवूडची भिंत घालून अरुंद करवले. त्या भिंतीत खिडकीच्या जागी खिडकीएवढी चौकट बसवली, आणि तिच्यामागे अर्थातच काहीही नव्हते. वीतभर अंधार आणि मग मूळ भिंत. शेगडीच्या ओट्यावरचा तडा, तिसऱ्या फरशीचा उडालेला कोपरा, दाराच्या कडीचा सैलपणा, सगळे उतरले. राहिली ती दाराजवळची पाहुण्याची खुर्ची. तिचा मागचा डावा पाय वाकडा होता. माझे वडील तिच्यावर मागे रेलून झुलत, त्यातून तो वाकला. बसणारा जरा हलला की ती खुर्ची "टक्" असा आवाज करी.

सुतार खुर्ची उलटी करून बराच वेळ पाहत राहिला. "साहेब, मुद्दाम वाकडा पाय करायचा? आजवर मला कोणी असं सांगितलं नव्हतं."

"वाकडा, आणि इतकाच वाकडा. आवाजही असाच आला पाहिजे."

सुतार गुणी होता. आठव्या दिवशी त्याने दोन खुर्च्या माझ्यापुढे ठेवल्या, आणि मूळची कोणती हे क्षणभर मलाही सांगता येईना. मग नव्या खुर्चीच्या बैठकीखाली मला पटाशीने केलेली एक लहानशी फुली दिसली.

"हे काय?"

"खूण. जोडीची वस्तू केली की आम्ही एक खूण वेगळी ठेवतो. माझे वडील ठेवायचे."

"ही मूळ खुर्चीला नाही."

"म्हणून तर. नाहीतर वस्तूंना कळत नाही, आपण कुठली ते."

अंधश्रद्धा या विषयावर मी त्याच्याशी पंचवीस मिनिटे बोललो. तो खाली पाहत ऐकत होता. शेवटी त्याने रंधा घेतला आणि फुली काढून टाकली. काढताना तो एवढेच म्हणाला, "मी सांगितलं होतं, हे लक्षात ठेवा."

सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी आत्या दारातून आत गेली आणि उभीच राहिली. मग तिने हात न चाचपडता दिव्याचे बटण दाबले, मागे न पाहता कडी लावली, घड्याळाला किल्ली दिली आणि काटे सात मिनिटे पुढे केले. सरावाच्या बाईंनी माझा हात दाबला. मला, कबूल करतो, भरून आले. मात्र प्लायवूड मोजण्याच्या कामात मी ते निभावून नेले.

पाहुण्याची भूमिका माझ्याकडे होती. एके दिवशी मी मीटर पाहायला आलेला माणूस असे, एके दिवशी विक्रेता, एके दिवशी दूरचा नातेवाईक. मी त्या भूमिका मन लावून वठवीत असे.

"कोण आहे?"

"विद्युत्-मापकाचे निरीक्षण करण्याची अनुज्ञा असावी."

"मीटरवाला 'अनुज्ञा' म्हणत नाही, पंडित."

"सुसंस्कृत मीटरवाला म्हणेल."

"सुसंस्कृत असता तर मीटर कशाला बघत फिरला असता? बस. चहा घे."

मग मी त्या खुर्चीत बसे, टक्, आणि आमचा वाद जुंपे. माझा आवाज चढे. आत्याचा चढत नसे. दहा मिनिटांनी बाई बाहेरून काचेवर टकटक करीत.

चौथ्या दिवशी आत्याच्या हातून पाण्याची बादली कलंडली. पाचव्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"आत्या आल्या म्हणून कळवायचं तरी! कालपासून आमच्या छताला ओल आलीय. म्हातारं माणूस आहे, सांडायचंच. मी काही बोलत नाही."

मी प्लंबरला घेऊन गेलो. कुलूप उघडले. मोरीच्या डाव्या हाताला बादली आडवी पडलेली होती आणि फरशी ओली होती. प्लंबरने नळ फिरवले. ते कोरडे होते. मुख्य तोटी मी स्वतः तीन वर्षांपूर्वी बंद केली होती, आणि ती गंजून जागच्या जागी घट्ट झाली होती.

"पाणी आलं कुठून?" प्लंबरने विचारले.

"तेच शोधायला आपल्याला आणले आहे."

"पाणी नळातून आलं तर मी शोधतो," तो हत्यारे आवरत म्हणाला. "नाही आलं तर तो माझा विषय नाही."

तो गेल्यावर मी तिथे एकटा राहिलो. खोलीत काहीतरी वेगळे होते, आणि काय ते मला बराच वेळ उमगेना. मग उमगले. घड्याळ चालू होते. मी मनगटावर पाहिले. ते सात मिनिटे पुढे होते.

मी दाराला कुलूप लावून जिना उतरलो. मी धावत उतरलो असे काकू सांगतात. त्यांचा जिन्याकडचा दिवा कमी उजेडाचा आहे.

कोणत्याही घटनेला सयुक्तिक कारण असते, अशी माझी धारणा आहे, आणि मी ती कारणे शोधून ठेवली. ओलीमुळे लाकूड फुगते. लाकूड फुगले की घड्याळाला धक्का बसतो. धक्का बसला की ते चालू होते. सात मिनिटांचे कारण मला सापडले नाही, पण प्रत्येक ग्रंथात एखादी टीप राहून जातेच. सातव्या दिवशी आत्याच्या हातून सरावघरातल्या कपाचा कान तुटला. घरच्या कपाचे काय झाले, हे पाहायला मी गेलो नाही.

आणि नवव्या दिवशी ती सूचना लागली.

मी तडक इमारतीच्या सेक्रेटरींच्या दारात गेलो. "आपण माझ्यावर जो आरोप केला आहे, त्याला पुरावा काय?"

"काका, मी स्वतः ऐकलं. रोज चारला बेल वाजते, तुम्ही आत जाता, खुर्ची करकरते—"

"करकरत नाही. टक् वाजते."

"बघा! तुम्हाला माहीत आहे."

"तो आवाज दुसऱ्या कोणाचा असू शकतो."

"परवा आतला माणूस 'अनुज्ञा' म्हणाला. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरं कोण म्हणणार?"

मी जिन्याचा कठडा धरून खाली आलो.

त्या दुपारी सरावघरात मी आत्याला सगळे सांगितले. ती ओट्यापाशी उभी राहून चहा गाळत होती. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"समोरच्या ओव्हरसियरांनी आज गॅलरीत लाल चादर वाळत घातलीय. कोपरा फाटलेला." ती खिडकीकडे पाहून बोलत होती, म्हणजे त्या चौकटीकडे, जिच्यामागे वीतभर अंधार होता. मी वाकून पाहिले. मला अंधारच दिसला. बाहेर जाऊन मी ओव्हरसियरांना फोन लावला आणि लाल चादरीविषयी विचारले.

"चादर आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही खिडकीत उभे राहून फोन का करताय? हाक मारा की."

मी फोन ठेवला.

यानंतर जे झाले ते मात्र भुताटकीहून भयंकर होते, कारण ते कार्यालयीन होते. सेक्रेटरींनी पुनर्वसन अधिकाऱ्याला पत्र पाठवले की, सदर घरात कोणीतरी राहत आहे. अधिकाऱ्याने आत्याचा कागद बाजूला ठेवला.

"घर रिकामं असल्याशिवाय मी त्यांना पाठवू शकत नाही," तो म्हणाला. "तिथे कोण राहतं?"

"तिथे आत्याच राहते," मी म्हणालो.

"मग इथे कोण राहतं?"

"इथेही आत्याच."

"एका माणसाचे दोन पत्ते मी लिहू शकत नाही." त्याने पेन्सिल दोरीला सोडून दिली. "मी जागेवर येऊन बघतो. एकविसाव्या दिवशी, चारला. तीन वर्षं पुरी व्हायला मग चार दिवस उरतील. घर रिकामं दिसलं तर पुढे. नाही दिसलं तर त्या इथेच, कायमच्या."

आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती घड्याळाला किल्ली देत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे मीच माझ्या आड आले," ती म्हणाली. मग तिने किल्लीचे उरलेले वेढे मोजून दिले.

एकविसाव्या दिवशी ती सरावघरात एकटी होती, आणि मी अधिकाऱ्याला घेऊन तिच्या घरी होतो. अधिकारी खाटेवर बसला. पाहुण्याच्या नात्याने मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. टक्. कान तुटलेला कप ओट्यावर उपडा घातलेला होता. भिंतीवर चार वाजून सात मिनिटे झाली.

बेल वाजली.

"कोण आहे?" आत्याने विचारले. आवाज ओट्याच्या बाजूने आला, खणखणीत, एक्स्चेंजमधला. तिथे कोणी नव्हते. मग पावले आली. दुखऱ्या पायावर किंचित रेंगाळणारी, मी तीन वर्षे दर रविवारी ऐकलेली पावले माझ्या गुडघ्याजवळून गेली. साखळी चढली. दार तीन इंच उघडले, मिटले, साखळी उतरली, दार पुरते उघडले. बाहेर रिकामा जिना होता.

"विचारलं," अधिकारी म्हणाला आणि त्याने खूण केली. "साखळी लावून बघितलं. बरोबर."

मला त्याच्याशी बोलायचे होते. मी तोंड उघडले, तोच शेगडीवर निळी ज्योत फुलली. भांड्यात, ज्यात मी स्वतः पाहिलेले होते की काही नाही, उकळी फुटली. खोलीभर चहाचा वास झाला. ज्योत विझली. खालचा खटका आपोआप फिरला.

"रेग्युलेटरसुद्धा," अधिकारी कौतुकाने म्हणाला. "बहुतेक लोक तो विसरतात."

कप माझ्याजवळच्या स्टुलावर येऊन टेकला. त्यातून वाफ येत होती. मग आत्या बोलू लागली, अगदी जवळून, खाली बसलेल्या माणसाशी उभ्या माणसाने बोलावे तशी.

"आज काही बोलू नकोस, पंडित. मला बोलू दे. पहिल्या वर्षी मी रोज चारला बॅग भरून बसायचे. तू आलास की निघता यावं म्हणून. तू यायचास आणि अर्ज वाचायचास. बॅग तुझ्या पायाशी असायची. तू एकदाही बघितलं नाहीस. मग मी सिस्टरना ती कपाटावर ठेवायला सांगितली. माझा हात पोचणार नाही, इतकी वर."

मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हते, हे एक. आणि आयुष्यात प्रथमच, बोलण्यासारखे काही नव्हते. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो. हात थरथरत होते, हे मी वर सांगितलेच आहे.

"पाहुण्याशी दहा मिनिटं बोलणं," अधिकारी म्हणाला. "झालं. पाहुणा बोलला नाही तरी चालतं." त्याने तक्त्याखाली सही केली, उठून मोरीत डोकावला, खाटेखाली पाहिले आणि कपाट उघडले. "कोणी नाही. घर रिकामं आहे. तसा दाखला देतो."

जिन्यात मी त्याला गाठले. "आपण— आपण पाहिलेत ना?"

"सगळं पाहिलं. सव्वीसच्या सव्वीस बरोबर."

"पण आत्या तिथे दिसली नाही!"

"हो," तो पेन्सिल दोरीला सोडत म्हणाला. "त्याला रकाना नाही."

मी घरी पोहोचतो तोच सरावाच्या बाईंचा फोन. "काका, आज तुम्ही कमाल केलीत! एक शब्द बोलला नाहीत. आत्या बोलल्या, तुम्ही ऐकून घेतलंत. डोळेसुद्धा पुसलेत."

"मी आज तिकडे आलेलो नव्हतो."

"असं काय करता? वहीत सही आहे तुमची."

मी नंतर ती वही पाहिली. सही माझी होती, सगळ्या वेलांट्यांसह. फरक एवढाच की, शेऱ्याच्या रकान्यात मी रोज चार ओळी लिहीत असे. त्या दिवशी तो कोरा होता.

तीन वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना आत्या आपल्या घरी आली. प्लंबरने गंजलेली तोटी बदलून दिली. हे पाणी नळातून येत असल्याने त्याचा विषय होता. ओव्हरसियरांनी कठड्याला नवी फळी लावली, काकूंनी फुकट सल्ले दिले, सेक्रेटरींनी सूचना फलकावरून काढली. आत्या खिडकीत उभी राहिली आणि लाल चादरीकडे पाहून म्हणाली, "धुतली वाटतं." सगळे आनंदात होते. मी दारातच घोटाळत होतो, आणि पुढचे दोन आठवडे घोटाळतच राहिलो. जात असे, पिशवी ठेवत असे, निघून येत असे. बॅग आता तिच्या खाटेखाली होती. ती दिसली की मला समोर पाहवत नसे. एक वाक्य बोलायचे होते. त्याचे मी सात मसुदे केले होते.

मग बाईंचा निरोप आला: सरावघर आता एका निवृत्त शिंप्यासाठी लावायचे आहे, तुमची खुर्ची घेऊन जा. मी सुताराला फोन करून म्हणालो, "ती खूण आता करून द्याल का?"

"आता नाही जमायचं, साहेब," तो म्हणाला. "आता त्या एकमेकींना ओळखतात."

मी सरावघरात गेलो तेव्हा तिथे कोणी नव्हते. चार वाजायला आले होते. मी त्या खुर्चीत बसलो, टक्, आणि समोर आत्या नाही याची नीट खात्री करून घेतल्यावर, बोलून पाहायचे ठरवले. पहिले वाक्य "ज्या परिस्थितीत" असे सुरू झाले आणि तीन उपवाक्यांनंतर त्याला परतीची वाट सापडेना. दुसरे बरे होते. त्यात "अनवधान" हा शब्द होता. मी थांबलो. मग रिकाम्या खोलीला म्हणालो, "आत्या, माझं चुकलं. घड्याळाला मी किल्ली देत नव्हतो."

एवढेच. मी खुर्ची तिथेच ठेवून बाहेर पडलो, पहिली रिक्षा पकडली आणि आता हेच, अगदी असेच, तिला सांगायचे असे घोकत तिच्या दारी गेलो. बेल वाजवली.

"कोण आहे?"

"मी."

साखळी चढली, उतरली. आत्या माझ्याकडे नखशिखांत पाहत होती. "परत का आलास? आत्ताच तर सांगितलंस."

"मी? काय सांगितले?"

"तिसरं वाक्य चांगलं होतं," ती म्हणाली. "पहिली दोन फार लांब. तीन मिनिटांच्या पुढे गेली." तिचे डोळे लाल होते, आणि तिने ते लपवले नाहीत. "चौतीस वर्षं आवाज ऐकलेत मी. खरं बोलणारा कळतो. ये आत."

मी आत आलो आणि सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे वळलो.

"तिथे नको," आत्या ओट्याकडे जात म्हणाली. "स्टूल घे. तो अजून उठला नाहीये."

मी खुर्चीकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. टक्, असा आवाज झाला.

याविषयी पुष्कळ बोलता येईल. आत्याने तीन कप मांडले, त्यांतला कान तुटलेला माझ्यापुढे ठेवला, आणि मी स्टुलावर बसून तो घेतला. तेव्हापासून मी रोज चारला तिथे जातो, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो आणि स्टुलावर बसतो. खुर्चीत कोण बसते, या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. तो माझ्याहून अधिक ऐकून घेतो, असे आत्या म्हणते; आणि मी त्याची बरोबरी करण्याच्या प्रयत्नात आहे.